चहाला कुठे औषध म्हणतात

अंब्रोलाउरीच्या बाजारात, पुलाच्या अलीकडे,
गुरुवारी त्सियाला बसते
चादरीवर जुड्या मांडून.
पाच पाकळ्यांची पिवळी फुलं. क्राझाना.
पान उजेडाला धर, म्हणते.
धरलं, की सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं.
भोकं नव्हेत, तेलाचे थेंब, हे मी कॉलेजात शिकले.
तिला तसंच ठाऊक.
कळी चुरडली की बोटं लाल.

पोट बिघडलं, क्राझाना.
भाजलं, तर तेलात मुरवून बरणी खिडकीत,
तेल रक्ताच्या रंगावर येईतो.
नवरा गेला, झोप उडाली, तेव्हाही तीच,
आणि मनावरचं झाकण बोटभर उचललं गेलं म्हणाली.
मी मान डोलावली.
खोटं नाही ते.

गुरामचं मूत्रपिंड गेलं
तेव्हा बहिणीनं आपलं दिलं. तिबिलिसीत, मार्चमध्ये.
टाके ओले असतानाच घरी आली
आणि भावाला अंगात बळ यावं म्हणून
रोज संध्याकाळी पेलाभर पाजू लागली, मध घालून.

जुलैत आकडे चढले.
गोळ्या चुकवता? एकही नाही, गजर लावून घेतो.
आणखी काही घेता?
नाही. दोघंही एका सुरात.

माझ्या दुकानात ती मलम मागायला आली,
अंगणात घटकाभर बसला तरी गुराम होरपळतो म्हणून.
काउंटरवर तिची बोटं होती.
नखांच्या कडा लाल.

कसं सांगू, की ही फुलं यकृताला घाई लावतात,
गोळी रक्तात टेकते न टेकते
तोच ते तिला झाडून बाहेर काढतं,
मग शरीराला आठवतं, हा अवयव परका.

"चहाला कुठे औषध म्हणतात?"
आणि मग, बऱ्याच वेळानं,
"म्हणजे माझंच मी..."
पाणी दिलं, घेतलं नाही तिनं.
चहा थांबला की गोळी पुन्हा मोजावी लागणार,
म्हणून मी तिच्यासमोरच तिबिलिसीला फोन लावला.

गुराम आहे.
आकडा मात्र जुन्या जागी आला नाही.

गुरुवारी अजून बसते ती. धंदा निम्म्यावर,
कारण हात पुढे झाला की आधी विचारते,
गोळ्या कुठल्या? रक्त पातळ व्हायच्या?
पाळणा लांबवायच्या?
पोरी लाजतात, पुढच्या चादरीकडे वळतात.

परवा मीच एक जुडी उचलली.
"पर्स उघड," म्हणाली.
अगं, मी औषधवाली!
"उघड."
पांढरी पट्टी दिसली तिला, मनाच्या गोळ्यांची,
गावात कुणालाच न दाखवलेली.
काही बोलली नाही.
जुडी काढून घेतली हातातली
आणि ओंजळभर अक्रोड घातले.