शून्य निकाल

बाणेरच्या सहाव्या मजल्यावर
दर मंगळवारी मी कंस उघडते.
आत सांध्याचं नाव, त्याची टोपणनावं,
कंपनी विकली जाण्यापूर्वीचं त्याचं माहेरचं नाव.
मग "आणि".
मग सैल होणं किंवा झिजणं किंवा तुटणं किंवा मृत्यू.
हा "किंवा" बोटांना सवयीचा झालाय,
आमटीत मीठ पडावं तसा पडतो.

चारशे बारा निबंध येतात.
दुबार काढले की तीनशे चार.
मेंढ्यांवरचे वगळायचे,
मृतदेहांवरचे वगळायचे,
मग उरतात माणसं: स्त्री, अडुसष्ट, डावा गुडघा.
एका वाक्यात ती पडते,
पुढच्यात तिचा मागोवा सुटतो.
मी रकान्यात खूण करते आणि चहाला उतरते.

गेटवर धायगुडे मामा.
रेशनकार्डाच्या झेरॉक्समागून
त्यांनी एक पिवळं पडलेलं स्टिकर काढलं.
"मॅडम, तुम्ही गुडघ्यांचंच बघता ना?
ह्याचं कुणी काय लिवलंय का बघा.
उतरताना आवाज येतो,
अडकित्त्यात सुपारी धरल्यागत."

ती आमची कंपनी नाही. माझ्या कामात बसत नाही.
तरी डबा उघडा ठेवून शोधलं.
नंबर टाकला, डॅश काढला,
एका शून्याचा ओ करून पाहिला.
इंग्रजीतली सगळी करकर, खडखड ओळीनं लावली.
सुपारी त्या कोशात नाही.
शून्य निकाल.

माझ्या अहवालांत हे वाक्य कितीदा गेलंय:
या कालावधीत कोणताही नवा धोका आढळला नाही.
त्याचा अर्थ असाही होतो,
की कुणी लिहायला बसलंच नाही.
वेल्ह्याच्या डॉक्टरांनी ऐकलं, गोळ्या दिल्या,
बाहेर वीस पेशंट होते.

तक्रारीचा फॉर्म मीच भरला.
"घटनेचं वर्णन" या चौकटीत
मामांचं वाक्य जसंच्या तसं, देवनागरीत.
पोच आली.
चौकटभर नुसती प्रश्नचिन्हं.

संध्याकाळी त्यांनी दांडा वर केला.
"आलं का काय?"
"नाही अजून."
ते खुर्चीकडे वळले.
मध्ये तीन पायऱ्या होत्या, उतरत्या.
मी गाडी बंद केली
आणि काच खाली घेतली.