चार बोटं

गुरुवारी रात्री आठ वाजता
मी हॉकीचा सामना बंद केला, ज्यूकबॉक्सची वायर उपटली,
आणि टॅडने स्टुलावर चढून टीव्हीचा आवाज वाढवला.
बाहेर क्लिंटन स्ट्रीटवर बर्फाची गाडी
मीठ टाकत चालली होती.

टॅडचा भाचा तिकडे कॅलिफोर्नियात कार्टून काढतो.
लहानपणी याच कोपऱ्यातल्या टेबलाखाली बसून
बिअरच्या पुठ्ठ्यांवर आमची नाकं काढायचा.
आता त्याच नाकांचे त्याला पैसे मिळतात.

पडद्यावर माझा बार उगवला.
पाटीतलं विझलेलं अक्षर तसंच विझलेलं,
दारावर कुत्र्याच्या नखांचे तेच ओरखडे.
फक्त भिंती जांभळ्या.
“बर्नडीन, रंग कधी दिलास?” वेंडेलने विचारलं.
मी कशाला देतेय?
वडिलांनी एकाहत्तर साली दिला, तोच आहे.

गोष्ट अशी होती:
बार विकायला निघतो.
एक सूटवाला येतो, त्याला इथे
कुत्र्यांचं ब्यूटी पार्लर काढायचंय.
मग चौघे मित्र डोकं चालवतात,
म्हणजे जे नाही ते चालवतात.
काउंटरवरची, व्हिनेगरमध्ये मुरलेल्या अंड्यांची बरणी
ऐतिहासिक वारसा म्हणून कोर्टात नेतात.
कोर्टात बरणी फुटते.
न्यायाधीश जमिनीवरचं एक अंडं उचलून खातो
आणि त्याला आई आठवते.
बार वाचतो.
जाहिराती धरून अर्धा तास.

वेंडेल इतका हसला
की त्याच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या.
मीही हसले. हसता हसता मोजत होते:
गिऱ्हाइकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी,
आणि गल्ल्याखाली बँकेचं पाकीट,
सोमवारपासून न फोडलेलं.

मधेच कधीतरी ऑरिन आला.
म्हणजे पडद्यावर.
तीच हिरवी टोपी, खिशातून डोकावणारी लॉटरीची तिकिटं,
आणि उजवा हात
खिशाबाहेर.

ऑरिनचा उजवा हात आमच्यापैकी कोणी
धड पाहिला नव्हता.
लॅकवॉनाच्या पोलाद कारखान्यात
करंगळी रोलरखाली गेली तेव्हा तो एकवीसचा.
पुढे सत्तेचाळीस वर्षं ग्लास डाव्या हाताने,
पत्ते डाव्या हाताने,
चर्चमध्ये हस्तांदोलनाची वेळ आली की खोकला.
लग्नाच्या फोटोतही उजवा हात
रोझॅनच्या पाठीमागे.
मागच्या मार्चमध्ये पेटीत निजवला, तेव्हासुद्धा
डावा हात वर ठेवलेला होता.
त्या माणसाला कोणी सांगितलं असेल?

पण कार्टूनमध्ये सगळ्यांनाच चार बोटं.
“काढायला सोपं पडतं,” टॅड म्हणाला,
“पाचवं म्हणजे हजारो वेळा एक रेघ जास्त.”
मला चार. वेंडेलला चार.
न्यायाधीशाला चार, सूटवाल्यालाही चारच.
हाताची पाचही बोटं सारखी नसतात म्हणे.
इथे पाचवंच नाही,
भांडण मिटलं.

आणि ऑरिन, उजव्या हाताने,
ग्लास पार दिव्याला लागेल इतका उंच धरून ओरडला,
“बर्नडीन, लिही माझ्या खात्यावर!”

खातं आहे. निळी वही, पान चौदा,
एकसष्ट डॉलर.
मी कधी रेघ मारली नाही,
मागायलाही गेले नाही.

नावं वर सरकत गेली.
टॅड स्टुलावरून उतरायचं विसरला.
मी न विचारता तीन ग्लास भरले.
वेंडेलने आपला उचलला, उजव्या हाताने,
करंगळी आत दुमडून.
मुद्दाम दुमडली असं मला वाटलं.
पण त्याला संधिवात आहे,
थंडीत त्याची बोटं तशीही उघडत नाहीत.

मग मी हॉकी लावली.
दुसरा पिरियड चालू होता,
आम्ही दोन गोलांनी मागे.