आटे

हिंगण्याच्या एमआयडीसीत
एकतीस वर्षं लेथवर आटे पाडले मी.
अन् आता धंतोलीत, तिसऱ्या माळ्यावर,
माझ्या लेकीच्या वयाची डॉक्टर हटवार
चिमटीत धरून दाखवते
एक स्क्रू. पावणेचार जाड, साडेअकरा लांब.
"टायटॅनियम आहे, काका."
मी चष्मा वर केला, आटे मोजले.
काम चांगलं होतं. म्हणजे खरंच चांगलं.
कोणी पाडले हे, विचारलं.
तिनं कंपनीचं नाव सांगितलं.
मी माणसाचं विचारत होतो.

दोन दातांचा भाव ऐकून शकुन म्हणाली,
एवढ्यात तर स्कूटी येते.
मग घरी, वांगी चिरता चिरता,
मान वर न करता:
"करून टाका. सव्वीस वर्षं
माझ्या नावात शिटी वाजून राहिली."

फॉर्मवर रकाना होता: दात कशाने गेले?
अपघात, लिहिलं मी.
पुढे लिहायला जागा नव्हती.

अठ्ठ्याण्णवचा मे. दुसरी पाळी.
पत्र्याखाली हवासुद्धा घाम गाळत होती.
चकमध्ये चावी राहिली, मशीन सुरू झाली,
चावी सुटली ती थेट तोंडावर.
साहेब धावत आले, कोणी ठेवली म्हणाले.
बाजूला शिकाऊ पोरगा उभा होता, निखार,
हातात माझ्यासाठी पाण्याचा गिलास.
रक्तानं भरलेल्या तोंडातून
पहिला शब्द निघाला तो त्याचं नाव.
सोमवारी त्याला गेटवरूनच परत पाठवलं.

चावी माझी होती.

एक्स-रेवर बोट फिरवत डॉक्टर सांगते,
जागा रिकामी राहिली की हाड खंगतं, काका.
काम नसलं की निघून जातं.
हे मला समजावून सांगायची गरज नव्हती,
हिंगणा रोडनं येतो मी,
दोन्ही बाजूला कुलपं पाहत.

भुकटी भरली. टाके. पुन्हा एकदा टाके.
मग स्क्रू. तोंड बधिर,
पण पान्याचा कट आवाज ऐकला
अन् खुर्चीच्या हातावर माझं मनगट
आपोआप फिरलं, पाव आटा.
"आता हाडानं धरलं पाहिजे.
चार महिने. घाई नाही करता येत."
आमच्याकडे नट बसायचा, नाहीतर भंगारात जायचा.
वाट पाहणारा नट पहिल्यांदा पाहिला.

उन्हाळा ताकभातावर काढला.
एका रात्री, कूलर घरघरत असताना, सुचलं:
गंगाबाई घाटावर माझं सगळं जळेल,
हे दोन नाही जळणार.
राख चाळताना जावई विचारेल, स्क्रू कुठला हा?
आटे शाबूत असतील.
बाकी काय काय शाबूत राहील, झोप येईना.

निखार वाडीला पंक्चर काढतो.
डोकं पांढरं झालं त्याचं.
"काका! दात बसवले का?
चावून दाखवा बरं," म्हणत
कागदाच्या पुडीतले फुटाणे पुढे केले.
मी पुढच्या दातांनी एक फोडला.
कट.

वाक्य घरून जुळवून नेलं होतं.
स, श, त, द, सगळी अक्षरं जागेवर,
शिटी नाही, काही नाही.
जीभ मात्र जुन्या खिंडारापाशी
भिंतीला धडकून उभी.

त्यानं ट्यूब पाण्यात दाबली,
बुडबुडे कुठून येतात ते पाहत राहिला.
"बोला ना काका," म्हणाला,
"ऐकून राहिलो मी."