दम

बार्शी नाक्यावर मुनव्वर मिस्त्रीच्या शेडात
माझी गाडी बॉनेट उघडून उभी आहे,
दाताच्या डॉक्टरपुढं बसल्यासारखी.
बारा वर्षांची डिझेल, टर्बोवाली,
एक लाख त्रेसष्ट हजार चाललेली,
आणि मांजरसुंब्याच्या घाटात
उसाच्या जोडट्रॉलीमागं कण्हणारी.

"ताई, दोन रस्ते हायत," मिस्त्री म्हणतो.
पान्ह्यानं फरशीवर ग्रीसची रेघ ओढतो.
रेघेच्या अलीकडं: मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर, नवे इंजेक्टर,
मग संभाजीनगरहून एक पोरगा येतो लॅपटॉप घेऊन
आणि गाडीच्या डोक्यातलं गणित बदलून जातो.
पलीकडं: ते. ताडपत्रीखालचं.
दोन लिटरचं, नेकनूरजवळ उलटलेल्या गाडीतलं.
गाडी भंगारात गेली, इंजिनला खरचटलंसुद्धा नाही.

मी ताडपत्री उचलते.
थंड. पुसून ठेवलेलं.
कुणाच्या तरी पायाच्या इशाऱ्यावर हे धावत होतं.
त्या माणसाचं काय झालं, विचारावंसं वाटतं.
मी इंजिन नंबर विचारते.

तेहतीस केव्हीच्या सबस्टेशनला ऑपरेटर आहे मी.
वीस वर्षं बघतेय,
फ्यूज उडाला की पोरं तिथं जाड तार घालतात.
फ्यूज टिकतो.
डीपी जळतो.

"हौ, आगदी तसंच," मिस्त्री म्हणतो.
"टर्बो वाढविला की क्लच घसरतो,
क्लच भारी टाकला की गिअरबॉक्स बोलतो,
आन् तो गप बसला, तर ब्रेक इचारतेत,
आमी काय घोडं मारलं व्हतं?"
"आणि ते बसवलं तर?"
"माउंटिंग कापा, वायरिंग नवं, आरटीओत खेटे.
जावई मोठा असला की खाटच बदलावी लागती."
मग हात पुसत, सहज:
"पर एवढी पावर कशाला पायजे, ताई?"

रात्रपाळीला उशीर होतो, मी म्हणते.
वीस वर्षांत एकदाही झालेला नाही.

अशफाक साबणाचं पाणी घेऊन गाडीखाली सरकतो.
मिस्त्री पाइपात हवा भरतो.
किती तरी वेळ काहीच नाही.
मग इंटरकूलरच्या खालच्या वाकणात
एक बुडबुडा, दुसरा,
मग फेसाचं अख्खं गेंद.
नखाएवढी चीर.

धुरावर फिरतं ते चाक,
इंजिननं टाकून दिलेल्या श्वासावर,
आणि नवा श्वास आत ढकलतं.
तीन वर्षं ढकलत होतं इमानदारीनं,
अर्धा इथून बाहेर जात होता
आणि मी इंजिनला म्हातारं म्हणत होते.

साडेसातशेचा पाइप. दीडशे मजुरी.

त्या संध्याकाळी घाटात
काटा दोन हजारावर गेला
आणि पाठीला कुणी तरी तळवा टेकवला.
ट्रॉली मागं. दुसरी ट्रॉली मागं.
आरशात उसाची पानं लहान होत गेली.
वर सपाटीला गाडी कडेला घेतली, उगाच हसले,
आणि मिस्त्रीला फोन लावला.
"ते ताडपत्रीखालचं, विकू नका अजून."
"का? कमी पडली का?"
"नाही," मी म्हणाले,
आणि पुढं काय बोलावं ते काही केल्या सुचेना.
तेवढ्यात तोच ट्रॅक्टर घाट चढून आला,
कर्ण्यावर गाणं लावून,
आणि माझ्या शेजारून
डुलत डुलत पुढं गेला.