सुटती गाठ

वडगावात माग थांबतात रात्री दहाला.
बाबांच्या मागावर पॉलिस्टर असतं,
सुरतेहून आलेलं, रेशमाचं नाव लावून.
मी लॅबमध्ये जो धागा पाण्यात सोडते
तो त्याच कुळातला, लांबचा चुलता,
फक्त अंगभर धन भार ल्यालेला.

डीएनए ऋण. भेटले की बिलगतात,
मुटकुळं होऊन बसतात,
मोहरीच्या दाण्यात अब्जावधी मावतील अशी गाठोडी.
आत एकच निरोप:
अँपिसिलिनला भिऊ नको,
आणि निळ्या उजेडात हिरवं चमक.

जिवाणूला दोन पापुद्रे, मध्ये जाळी.
बेचाळीस अंशांचा चटका दिला की दार किलकिलं होतं,
ते कुणालाही जमतं.
मॅडमना चटक्याशिवाय हवंय.

अकरा महिने प्लेटा कोऱ्या.
रंग लावून पाहिलं, तर गाठोडी आत पोचलेली!
पोचलेली, आणि तशीच बसलेली,
चप्पल न काढलेल्या पाहुण्यासारखी.

"ऊट आयतेनु?" निंगाप्पा दारातून विचारतो.
मी मराठीत नाही म्हणते.
तो डब्यातली अर्धी भाकरी काढतो, शेंगाचटणी,
आणि मराठीत,
"काय करालीस रोज रोज? त्यास्नी भूक नाही, सोड की."

आई कांड्या भरून फडक्यात बांधायची,
मागावर मी पोचवायची.
एकदा मीच बांधलं, चांगलं आवळून.
बाबांना दातांनी सोडवावं लागलं,
माग तेवढा वेळ उभा.
आई म्हणाली, घट्ट कुणीबी बांधतंय.
वाटेत सुटू नये,
आणि पोचल्यावर एका ओढीत सुटावं.
तशी सरकगाठ दाखवली तिनं, दोनदा,
तिसऱ्यांदा टपली मारून.

साखळीत मी गंधकाचे जोड घातले.
बाहेर टिकतात,
पेशीच्या आतल्या रसात तुटतात.
कागदावर तरी.

आज सकाळी झाकण उघडलं.
सात ठिपके.
मी पुन्हा मोजले. सात.
निळा दिवा धरला, सातही हिरवे,
शहापूरच्या काठातला जुना पोपटी असतो ना, तसे.
निंगाप्पाला हाक मारली, कोणत्या भाषेत ते आठवत नाही.
तो वाकून बघत राहिला.
"आणि त्या प्लेटीत?"

त्या प्लेटीत निरोप नव्हता, नुसता धागा.
तिथं काही उगवायला नको होतं.
तिथं एक आहे.
हिरवी नाही. पांढरी, कडेला, टाचणीच्या डोक्याएवढी.

फोन मॅडमना करायचा की आईला,
हातात धरून उभी आहे मी.
पांढरीवर पेनानं गोल काढलाय,
बाजूला प्रश्नचिन्ह, आजची तारीख.