मोजून

हर्णैच्या बंदराशी एक जुनं बर्फाचं गोदाम आहे,
बंद पडलेलं. भिंतींना अजून ओल,
आणि कितीही फिनेल टाकलं तरी
फरशीतून मासळी वर येते.
तिथे मंगळवार-गुरुवार, सहा ते साडेसात,
नजीर मुकादम कराटे शिकवतात.
अकरा वर्षं कुवेतला क्रेन चालवली,
येताना काळा पट्टा आणला, आणि मधुमेह.

पहिला महिना त्यांनी मला नुसतं उभं राहायला लावलं.
मी खलाशी, हलत्या फळीवर वाढलेला,
मला हसू आलं.
ते म्हणाले, "होडी हलते तेव्हा राहतोस उभा.
जमीन हलत नाही तेव्हा कसा राहतोस, बघू."

सात वर्षं झाली त्याला.

गेल्या कार्तिकात, लिलाव उरकल्यावर, वाळूत भांडण झालं.
एलईडीच्या दिव्यांवरून. आमची जाळी रिकामी,
त्यांच्या टपात सुरमई मावत नव्हती.
निनाद पावशे माझ्या आईवरून बोलला.
एरवी अशा वेळी काय होतं ते बंदराला पाठ आहे:
कॉलर, शिव्या, दोघं गडगडत टोपल्यांवर,
बायका मधे पडतात,
कुणाची तरी चप्पल लाटेबरोबर जाते,
आणि संध्याकाळी दोघं एकाच टपरीवर, पाठीला पाठ लावून चहा पितात.

तसं झालं नाही.
एकच ठोसा. आवाजही फारसा नाही,
ओल्या दोराची गाठ सुटावी तेवढा.
त्याची डावी बरगडी, वरून आठवी.
मला नंबर माहीत होता.
मघापासून हेच सांगायचंय. मला नंबर माहीत होता.

सोसायटीत सभा बसली.
"हात शिकला की त्याला खाज सुटते," चेअरमन म्हणाले,
"गोदामाला कुलूप घाला."
मागून कुणी म्हणालं, "उलट, शिकलाय म्हणून एकावर थांबला.
नाहीतर कोयता निघाला असता."
दोन्ही वेळा माना हलल्या.
दोन्ही वेळा माझीही हलली.

नजीर सरांनी मला झाडू दिला.
तीन आठवडे मी फरशी पुसली,
पोरं मोजत होती, इची, नी, सान,
दात पडलेल्या तोंडांनी, मुठी हवेत,
आणि हवा बिचारी काही बोलत नव्हती.
चौथ्या मंगळवारी त्यांनी विचारलं,
"मारलंस तेव्हा राग होता?"
मी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं.
"नव्हता."
ते बराच वेळ आपल्या पायाच्या जखमेवरची पट्टी नीट करत राहिले.
"असता तर बरं झालं असतं," म्हणाले.

माझे बाबा कुठल्या क्लासला गेले नव्हते.
वल्ह्याचा दांडा, कमरेचा पट्टा, एकदा नांगराचा दोर,
हाताशी येईल ते.
त्यांना बरगड्या मोजता येत नव्हत्या,
घावही.
मारून झाल्यावर पडवीत बसून रडायचे, हुंदके देऊन,
आणि आम्ही त्यांना पाणी नेऊन द्यायचो.
आई म्हणायची, दर्यासारखा माणूस, भरती येणारच.
दर्याने कुणाला वल्ह्याने मारलेलं मी पाहिलं नाही.

निनादला शिंकताना अजून कळ येते म्हणतात.
मी गेलो होतो त्याच्या घरी. त्याने दार उघडलं,
आणि नकळत कोपर बरगडीशी घेतलं.
तेवढंच. मग आम्ही डिझेलच्या भावाबद्दल बोललो.

दोन वर्षांपूर्वी बाबांवरून वारं गेलं. उजवी बाजू.
दर रविवारी मी त्यांची नखं कापतो.
तो हात माझ्या हातात येतो,
जाड, थंड, जाळ्याच्या जुन्या चिरांचा.
अंगठा आणि तर्जनीच्या मधे, हाडाला लागून,
एक जागा आहे.
दाबली तर भलाभला माणूस गुडघ्यावर येतो.
माझा अंगठा तिथेच असतो,
तिथेच ठेवावा लागतो, नाहीतर बोट सरळ होत नाही.
"हलू," ते म्हणतात, अर्ध्या ओठाने.
मी मोजून कापतो.