सुकतीची वेळ

या शनिवारी सुकती पहाटे साडेपाचला.
तक्ता शम्सा आदल्या रात्री पाठवते,
खाली एकच ओळ : बूट जुने आणा.

फुजैराहून कलबा वीस मिनिटं.
आठवडाभर मी तेलाच्या टाक्यांची जाडी मोजतो,
मिलिमीटरात, पत्रा कुठे खंगलाय ते.
आज पोटरीभर चिखलात वाकून
मोजायची तिवराची रोपं.

मार्चात लावली दोनशे बारा.
उरली एकसष्ट.
काही उन्हानं गेली, काही जाळ्यांच्या फासात,
आणि चाळीसेक एका उंटिणीनं संपवली,
एका रात्रीत, सावकाश, चवीनं.
तिचा मालक बू हुमैद
आता आमच्याबरोबर कुंपणाचे खांब रोवतो.
कुणी बोलावलं नव्हतं त्याला.
खजुराचा डबा उघडून फळीवर ठेवतो,
आणि उंटिणीचा विषय निघाला की
दर्याकडे बघत बसतो.

लाकडी वाटेच्या फळ्या बदलायच्यात.
खारी हवा स्क्रूची माथी खाते,
पेचकस नुसता गरगरतो.
जोसेलिन दातांच्या दवाखान्यात काम करते,
पकडीनं एकेक उपटते, उजेडात धरते,
म्हणते, "ही अक्कलदाढ."
इद्रिस फळ्या कापतो.
करवत चालू असली की गुणगुणतो,
थांबली की थांबतो.
खार्तुमचं आम्ही त्याला विचारत नाही.

"तुमच्याकडे याला काय म्हणतात?"
चिखलातून वर आलेल्या मुळांकडे बोट करून
शम्सानं विचारलं.
तिवर, म्हटलं.
तिनं शब्द दोनदा घोळवला, शेवटचा र लांबवत.
मग तिचा शब्द दिला : कुर्म.
मी हसलो. आमच्यात कूर्म म्हणजे कासव.
ती म्हणाली, बरोबरच आहे,
तसंच वाढतं हे.

एवढंच बोललो.
हे नाही सांगितलं, की दाभोळच्या खाडीत
आमच्या खाजणाच्या कडेचं तिवराचं अख्खं रान
बाबांनी नि काकांनी उतरवलं,
कोलंबीच्या तळ्यांसाठी.
मी नववीत. मोळ्या मी वाहिल्या,
मोळीमागे आठ आणे.
तळी दोन वर्षं चालली,
तिसऱ्या वर्षीच्या उधाणात बांध फुटला,
आणि पाणी थेट गोठ्यापर्यंत आलं.
माझ्या पैशांची सायकलला घंटी आली होती.
छान वाजायची,
पार वरच्या वाडीपर्यंत ऐकू जायची.

छप्पन्नावी फळी पाय पडला की कुरकुरते.
मी आवळायला बसलो, तर शम्सा म्हणाली, राहू दे.
शाळेची मुलं तिथे मुद्दाम उड्या मारतात,
आणि खंड्याला कळतं, माणसं आली.
सैल काही दिसलं की नोंद करायची,
एकोणीस वर्षांची सवय.
हात खिशात घालून उठलो.

नऊला पाणी वळलं.
आधी कुर्ल्यांची बिळं भरली, बुडबुड करत,
मग आमचे ठसे.
ऑक्टोबरात माझा करार संपतो.
कंपनीनं अजून काही कळवलेलं नाही.
रोपाला कमरेएवढं व्हायला किती वर्षं,
हे मी विचारणार होतो, विचारलं नाही.

बूट धुताना इद्रिसनं लांबून हाक दिली : बासष्ट!
जाळं उचललं, त्याखाली एक निघालं होतं,
दोनच पानं, तीही पिवळी, देठात वाकडं.
शम्सानं तक्त्यावर एकसष्ट खोडलं.
बू हुमैद चिखलात परत उतरला,
रोपाभोवती एक फेरी मारली,
आणि मान हलवली. हे जगायचं नाही.

मग शेवटचा खांब उपटला,
आणि वाढत्या पाण्यात
दोन हात पुढे नेऊन रोवला.